मॉरिशस : आरशापलीकडचा देश

एखाद्या देशाची ओळख करून देण्याचा एक साचा आपल्याकडे पाठ्यपुस्तकांनी आणि कोशांनी रूढ केला आहे. आधी स्थान व हवामान, मग निसर्ग, त्यानंतर अर्थव्यवस्था आणि शेवटी, उरलेल्या जागेत, संस्कृती. मॉरिशसविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा या साच्याला आणखी एक जोड मिळते : तिथेही आपला गणपती बसतो, तिथेही मराठी शिकवली जाते. हा आनंद खोटा नाही. परंतु साचा आणि आनंद या दोहोंच्या मध्ये तो देश मात्र हरवतो, असे आमचे मत आहे. आपण खिडकी म्हणून ज्याकडे पाहतो, तो पुष्कळदा आरसाच असतो.

साच्यातील पहिला दोष असा की तो एकाच गोष्टीचे तीन तुकडे करतो. सुमारे 2,000 चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या देशात निसर्ग, अर्थव्यवस्था आणि संस्कृती ही तीन स्वतंत्र प्रकरणे कधीच नव्हती. डच 1598 साली या बेटावर उतरले तेव्हा तिथे मनुष्यवस्ती नव्हती. त्यांनी आबनूस तोडला आणि 1639 साली जावाहून ऊस आणला. त्यांच्या जहाजांबरोबर आलेल्या उंदीर, डुकरे आणि माकडांनी डोडोची घरटी उद्ध्वस्त केली, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पक्षी नामशेष झाला. पुढे फ्रेंचांनी मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणले. 1810 साली बेट ब्रिटिशांकडे गेले, ऊस वाढतच राहिला. 1835 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मळेवाल्यांना सुमारे 20 लाख पौंडांची भरपाई मिळाली. ज्यांना गुलाम केले होते त्यांना काहीही मिळाले नाही. त्यांच्या जागी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर आले. 1834 पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोर्ट लुईच्या बंदरातून अशी साडेचार लाखांच्या आसपास माणसे उतरली. ते ठिकाण आज 'आप्रवासी घाट' या नावाने जागतिक वारसास्थळ आहे.

उसाच्या शेतांत आजही काळ्या दगडांच्या प्रचंड राशी दिसतात. जमीन लागवडीखाली आणण्यासाठी ते दगड मजुरांनी हातांनी वेचले आहेत. दगड उलटला की खाली सोने सापडते, असे आमिष दाखवून आपल्या पूर्वजांना आणले गेले, अशी आठवण तिथल्या लोकपरंपरेत आहे. त्या राशींना भूगोल म्हणावे, अर्थकारण म्हणावे की लोककथा? मूळ जंगलाचा चांगल्या स्थितीतील भाग आता जेमतेम दोन टक्के उरला आहे, हे वाक्य 'निसर्ग' या मथळ्याखाली वाचले तर पर्यावरणाची हळहळ वाटते. उसाच्या इतिहासात वाचले तर त्याचा कर्ता सापडतो.

अर्थव्यवस्थेचेही तसेच. 1961 साली अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी वाढती लोकसंख्या आणि एकाच पिकावरचे अवलंबन पाहून या बेटाच्या भवितव्याविषयी निराशेचा सूर लावला होता. 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला. 1970 साली निर्यातप्रधान उद्योगांसाठी कायदा झाला, 1975 पासून युरोपने साखरेला हमीभाव दिला, आणि साखरेतला पैसा कापडगिरण्यांत व हॉटेलांत गेला. हमीभावाची ती व्यवस्था 2009 मध्ये संपली. पुढे वित्तसेवा वाढल्या. भारताशी असलेल्या करारातील करसवलतीमुळे कित्येक वर्षे भारतातील परकीय गुंतवणुकीचा मोठा ओघ या बेटावरून वाहत होता. 2016 च्या दुरुस्तीने त्या सवलतीला लगाम बसला. याला 'चमत्कार' म्हणण्याची प्रथा आहे. या शब्दात दगड वेचणारे हात दिसत नाहीत, म्हणून आम्हांला तो खटकतो.

आता साहित्याकडे वळू, कारण हा देश आधी एका कादंबरीतून जगाला दिसला. बेर्नार्दें द सँ-पिएर यांची 'पॉल आणि व्हर्जिनी' 1788 साली प्रसिद्ध झाली. निरागस प्रेम, हिरव्या दऱ्या, समुद्र. आणि या सर्वांच्या पार्श्वभूमीवर राबणारे गुलाम. पर्यटनाच्या जाहिराती आजही तेच चित्र विकतात, फक्त पार्श्वभूमी कापून. त्या कापलेल्या भागाचे लेखन मॉरिशसच्या लेखकांनी केले. अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' (1977) ही हिंदी कादंबरी गिरमिटियांच्या यातनांची आहे. नताशा अपाना यांनी आपल्या पहिल्या फ्रेंच कादंबरीच्या (2003) शीर्षकातच खडक आणि सोन्याची भुकटी एकत्र आणली. देव विरासामी यांनी शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'ची 'तुफान' (1991) या क्रिओल नाटकात पुनर्रचना केली. कवी खाल तोराबुली यांनी 'कुली' या शिवीतूनच 'कुलीत्व' ही संकल्पना घडवली. आपल्या विद्यापीठांतून 'डायस्पोरा' हा शब्द वारंवार उच्चारला जातो, पण या नावांपैकी किती अभ्यासक्रमांत आहेत?

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि मराठी वाचकाने थोडे थांबावे अशी जागाही हीच. कोकणातून आणि घाटावरून, मुंबई बंदरमार्गे गेलेल्या मजुरांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, जाखडी नाचली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. परंतु घरातली भाषा क्रिओल आहे. 2011 च्या जनगणनेत सुमारे 86 टक्के लोकांनी हीच घरची भाषा असल्याचे सांगितले. मराठी ही तिथे प्रार्थनेची, सणाची आणि शाळेच्या तासाची भाषा आहे. याला आपण ऱ्हास म्हणतो. आम्हांला तसे वाटत नाही. तिथला मराठी माणूस म्हणजे एकोणिसाव्या शतकातले जपून ठेवलेले कोकण नव्हे. त्याने इतरांबरोबर एक सामाईक भाषा आपली केली, हा त्याच्या इतिहासाचा पराभव नसून त्याचे कर्तृत्व आहे.

याला एक दुसरी, अधिक बोचरी बाजू आहे. मॉरिशसच्या शाळांत मुलाने 'पूर्वजांची भाषा' निवडावी अशी पद्धत आहे : हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी, उर्दू. पण ज्यांच्या पूर्वजांच्या भाषा गुलामीच्या जहाजांवरच हिरावल्या गेल्या, त्यांनी काय निवडावे? त्यांनी घडवलेली क्रिओल प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय म्हणून आली ती 2012 साली. मराठीच्या सन्मानाला आमचा विरोध नाही. आम्ही मराठीतच लिहितो आहोत. तथापि, सातासमुद्रापार आपली भाषा टिकली याचा अभिमान बाळगताना, त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेल्या मुलाची भाषा किती उशिरा मोजली गेली, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. केवळ आपलेच शोधणारे प्रेम त्या समाजाच्या भिंती नकळत उंच करते.

त्या भिंतींपलीकडे जाणारे प्रसंगही आहेत. 2020 च्या जुलैमध्ये 'वाकाशियो' हे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळांत रुतले आणि ऑगस्टमध्ये सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा सर्व समाजांतील लोक किनाऱ्यावर आले आणि त्यांनी कापडाच्या लांब पिशव्यांत उसाचे पाचट भरून तरंगते बांध तयार केले. ज्या पिकाने त्यांचे जंगल संपवले आणि पूर्वजांना राबवले, त्याच्याच पाचटाने ते आपला समुद्र वाचवू पाहत होते. हा प्रसंग परिचयलेखाच्या कोणत्या मथळ्याखाली घालणार?

म्हणून साहित्याच्या अध्यापकांना आमची विनंती साधी आहे. मॉरिशस शिकवताना गणपतीपासून आरंभ करायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नये. अनत तर देवनागरीतच उपलब्ध आहेत. अनुवादाची वाट पाहण्याचे कारण नाही. अपाना आणि विरासामी यांच्यासाठी फ्रेंच व क्रिओलमधून थेट मराठीत आणणारे अनुवादक तयार करावे लागतील, आणि हे काम विद्यापीठांच्या भाषाविभागांचेच आहे. त्या देशाशी आपले नाते आहे असे आपण म्हणतो. मग तो स्वतःविषयी काय म्हणतो, हे ऐकण्याची सुरुवात निदान आपल्या वर्गांतून व्हावी.