स्वयंपाकाच्या गॅसची महागाई : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

घरगुती गॅसची टाकी १४.२ किलोची असते आणि तिचे पैसे एकरकमी मोजावे लागतात. गॅसच्या महागाईवरचे बहुतेक वाद ही साधी गोष्ट नजरेआड केल्याने भरकटतात. सुटे तेल वीस रुपयांचे घेता येते, चहाची पुडी पाच रुपयांना मिळते, गॅस तसा मिळत नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबईत टाकी १,१०२ रुपये ५० पैशांना होती. त्या आर्थिक वर्षात महाराष्ट्रातली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. म्हणजे एका टाकीमागे चार दिवसांहून अधिक मजुरी जात होती. एप्रिल २०२५ मध्ये टाकी ८५२ रुपये ५० पैशांवर आणि मजुरी ३१२ रुपयांवर आली, तेव्हाही हा हिशेब पावणेतीन दिवसांचा निघतो. आणि रोजगार हमीचे काम रोज मिळत नाही. गॅस परवडतो की नाही, याचे उत्तर टाकी संपते त्या दिवशी घरात किती रोकड आहे यावर ठरते. सवलतीची कोणतीही योजना याच कसोटीवर तपासली पाहिजे.

भाववाढीच्या समर्थनार्थ पहिला मुद्दा मांडला जातो तो आंतरराष्ट्रीय बाजाराचा. भारत आपल्या गरजेपैकी सुमारे ६० टक्के एलपीजी आयात करतो. या आयातीचा भाव सौदी अरामको दरमहा जाहीर करत असलेल्या प्रोपेन आणि ब्युटेनच्या दरांना बांधलेला असतो. त्यावर जहाजभाडे, विमा, बंदराचा खर्च, टाक्या भरण्याचा आणि वाहतुकीचा खर्च, वितरकाचे कमिशन आणि ५ टक्के जीएसटी चढतो. तेव्हा भाव दिल्ली-मुंबईत ठरतच नाही, तो बाहेरून येतो, असा हा पूर्वपक्ष आहे.

यातले पहिले अर्धे खरे आहे. एप्रिल २०२२ मध्ये सौदी दर टनामागे ९०० डॉलरच्या वर गेले होते. त्या काळात तेल कंपन्यांनी तोट्यात गॅस विकला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यांना २२,००० कोटी रुपयांची भरपाई दिली. पण बाहेरचा भाव घरापर्यंत कधी आणि किती पोचवायचा, हे इथेच ठरते. जून २०२३ मध्ये सौदी दर ४५० डॉलरच्या आसपास, म्हणजे निम्म्यावर आले होते. तरीही दिल्लीत टाकी १,१०३ रुपयांनाच होती. २०० रुपयांची कपात झाली ती ऑगस्टच्या अखेरीस. पुढची १०० रुपयांची कपात मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, महिला दिनी जाहीर झाली. त्यानंतर वर्षभर घरगुती भाव हलला नाही. त्याच वर्षात हॉटेलांच्या १९ किलोच्या टाकीचा भाव मात्र बहुतेक दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वरखाली होत राहिला. एकाच जहाजातून आलेल्या गॅसचे दोन भाव दोन वेगळ्या चालींनी चालत असतील, तर घरगुती भाव हा धोरणाचा निर्णय आहे, हे मान्य करावेच लागते. तसा निर्णय घेणे गैर नाही. तो घेऊन वर बाजाराकडे बोट दाखवणे गैर आहे.

दुसरा मुद्दा तुलनेचा. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत टाकी १,२४१ रुपयांना होती, मग नंतरचा ८०० किंवा ९०० रुपयांचा भाव महाग कसा, असा सवाल केला जातो. १,२४१ हा आकडा बरोबर आहे, पण तो विनासवलतीच्या टाकीचा आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये सवलतीच्या टाक्यांवर वर्षाला सहाची मर्यादा आली, जानेवारी २०१३ मध्ये ती नऊ झाली आणि २०१४ मध्ये बारा. त्या मर्यादेच्या आतली टाकी दिल्लीत ४१४ रुपयांच्या आसपास पडत होती. वर्षाला सात-आठ टाक्या वापरणाऱ्या कुटुंबाला १,२४१ रुपयांच्या भावाशी एरवी कर्तव्य नव्हते. विनासवलतीच्या जुन्या भावाशी आजच्या एकमेव भावाची तुलना करताना मधली सवलत गायब केली जाते, आणि नेमकी तीच घराच्या खर्चाचा गाभा होती.

ही सवलत गायब कशी झाली, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. १ जानेवारी २०१५ पासून ‘पहल’ ही थेट हस्तांतरणाची पद्धत देशभर लागू झाली. ग्राहकाने टाकी पूर्ण बाजारभावाने घ्यायची आणि सवलतीची रक्कम नंतर त्याच्या बँक खात्यात जमा व्हायची. यामागचे कारण पोकळ नव्हते. एकाच घराच्या नावावर दोन-दोन जोडण्या होत्या, बनावट नावांवरही होत्या, आणि सवलतीच्या टाक्या हॉटेलांत नि गाड्यांत खपत होत्या. त्या चोरीला या पद्धतीने बराच आळा बसला. पण तिचे दोन परिणाम घरांवर झाले. एक, पूर्ण रक्कम आधी हातात असल्याशिवाय टाकी घरात येणे बंद झाले. दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. भाव आणि सवलत या एकमेकांपासून सुट्या झाल्यामुळे भावाला हात न लावता सवलत काढून घेणे शक्य झाले.

मे २०२० मध्ये नेमके तेच घडले. टाळेबंदीत जगभर तेलाचे भाव कोसळले, बाजारभाव सवलतीच्या भावाइतका खाली आला आणि खात्यात जमा होणारी रक्कम शून्यावर गेली. त्या महिन्यापुरते हे रास्तच होते. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत ५९४ रुपयांची असलेली टाकी १ मार्च २०२१ रोजी ८१९ रुपयांची झाली. चार महिन्यांच्या आत २२५ रुपयांची वाढ झाली, पण बहुतेक ग्राहकांच्या खात्यावरचे शून्य शून्यच राहिले. दरवाढीची बातमी वर्तमानपत्रांत येत होती, खात्यात काहीच जमा न झाल्याची येत नव्हती. २०१५ मधल्या ‘गिव्ह इट अप’च्या आवाहनाला प्रतिसाद देऊन एक कोटीहून अधिक कुटुंबांनी आपल्या मर्जीने सवलत सोडली होती. त्याचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. २०२० नंतर बाकीच्यांची सवलत मात्र कोणी न विचारताच सुटली.

तिसरा पूर्वपक्ष उज्ज्वला योजनेचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झालेल्या या योजनेतली आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. पुढे हा आकडा दहा कोटींवर गेला. गरिबांच्या घरात गॅस पोचला, मग तक्रार कसली, असे म्हटले जाते. जोडणी पोचली हे निर्विवाद आहे, आणि धुराने डोळे नि छाती जाळून घेणाऱ्या बायकांसाठी ती मोठीच गोष्ट आहे. पण शेगडी घरात असणे आणि ती पेटणे यांत अंतर राहिले. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०१८ पर्यंतचा उज्ज्वला ग्राहकांचा सरासरी वापर वर्षाला फक्त ३.२१ टाक्यांचा होता. चार-पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक एवढ्यात होत नाही. चहा, पाहुणा, पावसाळ्यातली ओली लाकडे आणि आजारपण यांसाठी गॅस, बाकी भाकरी चुलीवर, अशी वाटणी घराघरांत झाली.

भाव आणि रोकड यांचा या वाटणीशी असलेला संबंध नंतरच्या वर्षांनी दाखवून दिला. २०१९-२० मध्ये उज्ज्वला कुटुंबाचा सरासरी वापर ३.०१ टाक्या होता. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीची मदत म्हणून तीन टाक्या मोफत मिळाल्या आणि त्यांचे पैसे टाकी घेण्याआधीच खात्यात आले. त्या वर्षी वापर ४.३९ वर गेला. मदत संपली, भाव चढले आणि पुढच्याच वर्षी वापर पुन्हा चारच्या खाली घसरला. मे २०२२ पासून टाकीमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये सवलत मिळू लागली, मधल्या काळात भावही उतरला, तेव्हा २०२४-२५ मध्ये वापर ४.४७ वर आला. चुलीची सवय सुटत नाही, चुलीच्या भाकरीची चव सोडवत नाही, ही कारणे जे देतात, त्यांना या आकड्यांचा अर्थ लावता येणार नाही. सवय वर्षाला बदलत नाही, भाव बदलतो. हातात पैसे आले तेव्हा त्याच बायकांनी गॅस वापरला.

‘सरपण तर फुकट असते’ हे म्हणणे याच धाग्यातले. विदर्भात पऱ्हाट्या नि तुराट्या, पश्चिम महाराष्ट्रात उसाचे पाचट, मेळघाटात आणि नंदुरबारच्या डोंगराळ भागात जंगलातल्या काटक्या, सगळीकडे गोवऱ्या, हे जळण पैसे न मोजता मिळते खरे. पण ते गोळा करणे, फोडणे, वाळवणे, पावसापासून जपणे हे काम असते. ते बाईच्या वाट्याला येते आणि त्याची मजुरी कोणी धरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुराच्या प्रदूषणाने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. ज्या जळणाचा खर्च फुप्फुसातून वसूल होतो, त्याला फुकट म्हणता येणार नाही. शिवाय मागे परतायला रॉकेलही उरलेले नाही. रेशनकार्डावर गॅसचा शिक्का बसला की रॉकेल बंद, हा नियम होताच. पुढे रेशनच्या रॉकेलवरची सवलतच संपली. टाकी परवडली नाही तर आता थेट लाकडावर यावे लागते.

महागाईचा सरासरी निर्देशांक पुढे करून गॅसचा प्रश्न लहान ठरवणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देता येते. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक निर्देशांकात इंधन आणि प्रकाश यांना मिळून ६.८४ टक्के भार होता. हा देशाच्या सरासरी कुटुंबाचा भार होता. घरभाडे, किराणा आणि मुलांची फी भागवून महिन्याला हजार रुपयेही न उरणाऱ्या घराच्या खर्चाचे चित्र त्यात उमटत नाही. व्यावसायिक टाकीवर १८ टक्के जीएसटी आहे. तिचा भाव चढला की पुण्यातल्या मेसचे दर, पोळी-भाजी केंद्रातली पोळी आणि नाक्यावरचा वडापाव यांत तो उतरतो, आणि तिथे तो गॅसचा खर्च म्हणून मोजला जात नाही.

इथवर खंडन झाले. मग करावे काय? एका टोकाला सगळे मोफत द्या अशी मागणी आहे, दुसऱ्या टोकाला प्रत्येक सवलतीला रेवडी म्हणण्याची पद्धत. दोन्हींत विचार कमी आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली. सुमारे ५२ लाख कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याचे ठरले. वर्षाला जेमतेम चार टाक्या वापरणाऱ्या घराला तीन टाक्यांचे मोल मोठे आहे, त्यामुळे या योजनेला रेवडी म्हणणे अन्यायाचे आहे. पण तिच्यातही गाठ तीच आहे. टाकीचे पैसे आधी द्यायचे आणि परताव्याची वाट पाहायची. जोडणी बाईच्या नावावर हवी, या अटीमुळे नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर जुनी जोडणी असलेली घरे अडतात.

योग्य मार्ग असा की सवलत टाकी दारात येते त्याच क्षणी भावातून वजा व्हावी. २०१५ मध्ये चोरीच्या भीतीने हे टाळले गेले, ते समजण्यासारखे होते. आज गॅसला नंबर मोबाईलवरून लागतो, टाकी देताना ओटीपी मागितला जातो, आधारशी जोडलेले केवायसी झालेले आहे. कोणत्या घरात कितवी टाकी गेली हे वितरकाच्या यंत्रणेत त्याच दिवशी नोंदले जाते. ज्या नोंदीच्या आधारे खात्यात पैसे टाकता येतात, तिच्याच आधारे बिलातून वजाही करता येतात. मग दोन दिवसांची मजुरी कमी असलेल्या बाईला उसनवारी करावी लागणार नाही, आणि सवलत कमी केली तर ती बिलावर दिसेल, गुपचूप शून्य होणार नाही.

दुसरी गोष्ट, सवलत टाकीच्या क्रमांकानुसार उतरती असावी. आयकर न भरणाऱ्या प्रत्येक घराला पहिल्या सहा टाक्या ठरावीक कमी भावाने, त्यापुढच्या चढत्या भावाने आणि शेवटच्या पूर्ण भावाने द्याव्यात. उज्ज्वलाच्या यादीबाहेर राहिलेला, पण फारसा वरही नसलेला मोठा वर्ग यात सामावतो. पेन्शनवरचे जोडपे, रिक्षाचालक, छोटा दुकानदार या वर्गात येतात. पैशांचा प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारलाच पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने उज्ज्वलाच्या त्या वर्षाच्या सवलतीसाठी १२,००० कोटी रुपये मंजूर केले आणि तेल कंपन्यांच्या घरगुती गॅसवरील तोट्याच्या भरपाईसाठी ३०,००० कोटी. सर्वांना एकच दाबलेला भाव दिल्याने हा तोटा साचतो, आणि जे घर वर्षाला दहा टाक्या वापरते त्याला त्याचा लाभ चार टाक्या वापरणाऱ्या घरापेक्षा अडीच पट मिळतो. हाच पैसा आधी ठरवून, उतरत्या क्रमाने दिला तर सवलतीचा मोठा भाग नव्याने उभारावा लागणार नाही. जागतिक भाव उतरतात तेव्हाची बचत वेगळी ठेवून चढत्या काळात वापरण्याचा जाहीर नियम केला, तर भाव निवडणुकीच्या तारखांनी हलण्याचे कारणही उरणार नाही.

तिसरी गोष्ट लहान टाकीची. पाच किलोची टाकी आज मिळते. पण पत्त्याचा पुरावा न मागता सुटी विकली जाणारी टाकी किलोमागे घरगुती टाकीपेक्षा महाग पडते, म्हणजे ज्याच्याकडे रोकड कमी त्यालाच गॅस महाग. म्हणून शहरातल्या एका खोलीत राहणारे मजूर किलोवर गॅस भरून घेतात, आणि हे भरणे बेकायदा तर आहेच, शिवाय जिवावरचे आहे. बीडहून कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची जोडणी गावात राहते आणि सहा महिने कोपीपुढे चूल पेटते. पाच किलोची टाकी घरगुती दराने, त्याच प्रमाणातल्या सवलतीने आणि कोणत्याही वितरकाकडे बदलून मिळण्याच्या सोयीने दिली, तर एप्रिल २०२५ च्या मुंबई दराने हिशेब करता ती सवलतीआधीच सुमारे ३०० रुपयांना पडेल. ही रक्कम रोजगार हमीच्या तेव्हाच्या एका दिवसाच्या मजुरीत बसते.