नमुन्याचा टी-शर्ट आणि १२ टक्क्यांचा हिशोब



२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. आपल्या घरांत तेव्हा चर्चा झाली ती व्हिस्की, मोटारी आणि नॅशनल इन्शुरन्सची. तयार कपड्यांचा विषय मागेच राहिला. खरे तर ब्रिटनमध्ये येणाऱ्या बहुतेक होजिअरी कपड्यांवर साधारण १२ टक्के आयात शुल्क असते आणि करारानुसार भारतीय मालावरचे ते शून्य होते. बांगलादेशचा माल आधीपासूनच शुल्काशिवाय येतो. म्हणजे तिरुपूरला आता बरोबरीने उभे राहण्याची संधी आहे. भारताच्या होजिअरी निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक निर्यात तामिळनाडूतल्या या एका गावाची.

पण शुल्क गेले म्हणजे ऑर्डर आली, असे होत नाही. ऑर्डर मिळते किंवा हातची जाते ती कारखान्याच्या सॅम्पल रूममध्ये.

आपल्या इचलकरंजीचे कापड मागावरचे, उभ्या-आडव्या धाग्यांचे. होजिअरीत मात्र धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात. त्यामुळे कापड ताणते आणि धुतल्यावर आटतेही. कागदावरची मापे बरोबर असली तरी अंगावर कपडा कसा बसेल, हे शिवून, धुऊन, पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही.

म्हणून नमुन्यांची रांगच लागते. आधी डिझाइन दाखवणारा पहिला नमुना, मग मापाचा, मग सर्व साइजचा संच. रंगासाठी लॅब-डिपचे तुकडे वेगळे. शेवटी उत्पादनापूर्वीचा नमुना, प्रत्यक्ष माल ज्या कापडाचा आणि बटणांचा असेल, त्याच सामानाचा. तो मंजूर झाला की सीलबंद करून ठेवतात आणि पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडून पाहतात. लंडनहून ‘गळा अर्धा सेंटीमीटर कमी करा’ असा निरोप आला की नवा नमुना आणि नवे कुरिअर. प्रत्येक फेरीत दिवस जातात. हंगाम मात्र थांबत नाही.

खर्च कोणाचा? बहुधा कारखान्याचा. लाइनवरचा कामगार एकच शिलाई दिवसभर मारतो. नमुन्याचा टेलर अख्खा कपडा एकट्याने शिवतो. त्याची मजुरी जास्त, वेळही जास्त. त्यामुळे एका नमुन्याला मालातल्या कपड्याच्या कित्येक पट खर्च येतो. एवढे करूनही ऑर्डर दुसरीकडे गेली, तर तो खर्च बुडीत. मोठा कारखाना हे सोसतो, लहान कारखान्याची कंबर मोडते.

संगणकावरच्या त्रिमिती नमुन्यांमुळे सुरुवातीच्या काही फेऱ्या वाचतात. पण कापडाचा ताण आणि स्पर्श पडद्यावर पुरता कळत नाही, त्यामुळे शेवटचा नमुना हातात घ्यावाच लागतो.

आता खरा प्रश्न. वाचलेले १२ टक्के कोणाच्या खिशात जाणार? दुकानदारांनी तेवढाच भाव पाडून मागितला, तर तिरुपूरच्या हाती काहीच लागणार नाही. त्यातला थोडा वाटा नमुन्यांचा खर्च देण्यात आला, तर लहान कारखाने टिकतील आणि त्यांच्याबरोबर ते कसबी टेलरही. करारात हे कलम लिहून येत नसते. ते खरेदीदार आणि कारखानदार यांच्या सौद्यातच ठरते.

मुलांसाठी टी-शर्ट घेताना आपण लेबल आणि किंमत पाहतो. त्या किमतीत कधीच दुकानात न आलेले त्याचे पाच-सहा भाऊही असतात, एवढे लक्षात ठेवूया.