रस्ता न फोडताही पाइप दुरुस्त होतो. मग वस्तीला नकार का?

दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातील, मेहकर-जालना रस्त्यावरचे गाव. अशा गावांतल्या बौद्ध वस्तीत जमिनीखालचा पाइप गळू लागला की एक उत्तर हमखास मिळते: "सिमेंट रस्ता फोडावा लागेल, निधी नाही." अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकास योजनेतून आपल्याकडे काँक्रिटचे रस्ते झाले. पण अनेक ठिकाणी खालचा जुना पाइप न बदलताच वर काँक्रिट ओतले गेले. आता तोच रस्ता दुरुस्ती टाळण्याचे कारण झाला आहे. हे कारण आपण तपासले पाहिजे.

प्रश्न केवळ वाया जाणाऱ्या पाण्याचा नाही. गावात पाणी पाळीने सुटते. पाणी बंद झाले की पाइपमधला दाब जातो आणि गळक्या सांध्यातून भोवतालचे गटाराचे पाणी आत शिरते. पुढच्या पाळीला तेच आधी घरात येते. लाइनच्या शेवटी असलेल्या वस्तीत दाब सर्वांत कमी, म्हणून धोकाही तिथेच जास्त. स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिल्या आलेल्या इंदूर शहरात, भागीरथपुरा भागात, २०२५ च्या अखेरीस नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली. मग खेड्यातल्या वस्तीची हमी कोण देणार?

सलग चर न खोदता दुरुस्ती करण्याच्या पद्धती जगात जुन्या आहेत. जुन्या पाइपमध्ये थोडा लहान एचडीपीई पाइप सरकवता येतो. जुना पाइप आतून फोडत त्याच जागी नवा ओढता येतो. ही पद्धत ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस गॅसच्या लाइनसाठी पुढे आली. रेझिनमध्ये भिजवलेले अस्तर आत घालून कडक करण्याची पद्धत १९७१ मध्ये लंडनच्या सांडपाण्याच्या लाइनमध्ये प्रथम वापरली गेली. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र दाब सोसणारे आणि आरोग्याला निर्धोक असेच अस्तर लागते. मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर खालून आडवे ड्रिलिंग होते.

या पद्धतींच्या मर्यादाही कार्यकर्त्यांनी समजून घ्याव्यात. दोन्ही टोकांना आणि प्रत्येक घराच्या जोडणीपाशी खड्डा लागतोच. पाइपमध्ये पाइप घातला की आतली जागा कमी होते. अरुंद गल्लीतल्या छोट्या पीव्हीसी लाइनसाठी कटरने रस्त्याची पट्टी कापून नवा पाइप टाकणे स्वस्त पडू शकते. जुना पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर तो फोडताना, कापताना उडणारे तंतू मजुराच्या फुप्फुसात जातात. खड्ड्यात उतरणारा मजूर बहुतेकदा आपल्यातलाच असतो, हे विसरू नये.

म्हणून आमचे म्हणणे अमुकच यंत्र आणा असे नाही. "निधी नाही" म्हणणाऱ्यांनी दोन्ही पद्धतींचे अंदाजपत्रक शेजारी-शेजारी मांडून दाखवावे, आणि खोदाईच्या खर्चात रस्ता पूर्ववत करण्याचा खर्चही धरावा. ग्रामसभेत लाइनचा नकाशा मागा. पहिल्या आणि शेवटच्या नळाचा दाब मोजायला लावा. दुरुस्ती शेवटच्या टोकापासून सुरू करण्याचा ठराव घ्या. पाइपची दाबचाचणी झाल्याशिवाय वस्तीत नवा काँक्रिट रस्ता होऊ देऊ नका.

याला आधार आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी घरातल्या नळाला मिळणे अपेक्षित आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला आणि दुर्बल घटकांचे प्रतिनिधी असावेत, असे त्याची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याचीही तरतूद आहे. आपल्या वस्तीतल्या किती जणी त्यात आहेत, हे आधी विचारा.

शेजारच्या देऊळगावराजा तालुक्यातील खडकपूर्णा प्रकल्पाच्या जलाशयाला संत चोखामेळा यांचे नाव आहे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत बाबासाहेबांनी ज्या तीन संतांची नावे घेतली, त्यांत चोखामेळा आहेत. जलाशयाला नाव दिल्याने वस्तीची तहान भागत नाही. १९२७ ला महाडमध्ये लढा तळ्यावर पोहोचण्याचा होता. आज तो शेवटच्या नळापर्यंत शुद्ध पाणी पोहोचवण्याचा आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

जय भीम!