तुरीवरची प्रत्येक अळी घाटेअळी नसते!

तूर कळीवर आली की शेवगाव, पाथर्डीपासून कर्जत-जामखेडपर्यंत दुकानात एकच वाक्य: "अळी पडलीय, औषध द्या." कोणती अळी, हे दुकानदार विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. घाटेअळीचं औषध मिळतं. दोन-तीन फवारण्या होतात, अळी जागेवरच. मग म्हणायचं, औषधच बोगस!

औषध बोगस असेलही कधी. पण आधी फुलांचा गुच्छ हातात धरा. कळ्या, फुलं, कोवळी पानं जाळीनं चिकटलीत? आत विष्ठा दिसते? गुच्छ उकला. फिकट पांढुरकी-हिरवट अळी, अंगावर गडद ठिपक्यांच्या ओळी, ही मारुका. शेंगा गुंडाळणारी अळी म्हणतात ती हीच. घाटेअळी जाळी करत नाही. ती डोकं शेंगेत घालून बाकी अंग बाहेर ठेवते, अंगावर लांब पट्टे असतात. पिसारी पतंगाची अळी लहान आणि केसाळ.

मारुकाचा पतंगही वेगळा. पुढचे पंख तपकिरी, त्यावर काचेसारखे पांढरे डाग. मागचे पंख पांढरे, कडा तपकिरी. पंख पसरून बसतो, तोंडापुढं सोंडेसारखं टोक.

नावात काय आहे म्हणाल, तर सगळा खर्च नावातच आहे. घाटेअळीच्या कामगंध सापळ्यात मारुकाचा नर येत नाही. सापळा रिकामा बघून आपण निवांत, आणि तिकडं गुच्छ बांधले जातायत. घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, मारुकाला मारत नाही. आणि जाळी झाल्यावर फवारा आत पोचतच नाही, पंप कितीही मारा.

म्हणून वेळ कळीची आहे. कळ्या दिसायला लागल्या की आठवड्यातून दोनदा रानात फिरा. सुरुवातीलाच 5 टक्के निंबोळी अर्क मारा, बांधलेले गुच्छ तोडून नष्ट करा. शेजारी चवळी, मूग, उडीद असेल तर तेही बघा, ही अळी तिथंही असते.

राहुरीचं कृषी विद्यापीठ, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रं आपल्याच जिल्ह्यात आहेत. शंका असेल तर गुच्छ पिशवीत घालून तिथं दाखवा. दुकानातही तोच गुच्छ न्या. "अळी पडलीय" म्हणणाऱ्याला कोणतीही बाटली मिळते. "मारुका पडलीय" म्हणणाऱ्याला फसवणं अवघड जातं.