अगम्य अंतरांचे प्रमाण

दूरस्थ दीर्घिकांची अंतरे ज्योतिर्विद लक्षावधी आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांत सांगू लागले, की आपल्याकडील कित्येक सुशिक्षित गृहस्थ विचारतात : तेथवर साखळी घेऊन कोण गेले होते? जे प्रत्यक्ष नाही ते अनुमान, आणि हे अनुमान तर दर पिढीत बदलते. सबब विश्वाचा हा सारा विस्तार कागदावरचाच समजावा, असा त्यांचा पूर्वपक्ष आहे. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण आकडे बदलतात ही त्यातील तक्रार खरी आहे.

साखळीचा आक्षेप मात्र टिकत नाही. भारताच्या मोजणीखात्याने १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट जाहीर केली, तेव्हा त्या शिखराला मनुष्याचा पाय लागलेला नव्हता. नेपाळची सरहद्द बंद असल्यामुळे मोजणीदारांनी शंभराहून अधिक मैलांवरच्या मैदानातून कोन घेतले होते. पाय लागला १९५३ साली, आणि आजची मान्य उंची त्या जुन्या आकड्याहून अवघी तीसेक फूट अधिक भरते. जमिनीवर मोजलेली एक रेषा आणि तिच्या दोन टोकांवरचे दोन कोन यांवरून न गेलेल्या स्थळाचे अंतर निघते. हीच रीत, पृथ्वीच्या कक्षेचा व्यास पायारेषा धरून, बेसेलने १८३८ साली हंस तारकासमूहातील एका ताऱ्याला लावली.

कोनांची ही रीत जवळच्या ताऱ्यांपुरतीच चालते. पुढची पायरी हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने १९१२ साली बांधली. लहान मॅगेलनी मेघातील, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावरील, २५ रूपविकारी तारे तिने ताडून पाहिले, तेव्हा ज्याचे तेज अधिक सावकाश चढते-उतरते तो तारा मूळचाच अधिक तेजस्वी असतो, असे तिला आढळले. आवर्तनकाल मोजला की खरे तेज कळते. खरे तेज आणि दिसणारे तेज यांच्या तफावतीतून अंतर निघते. देवयानी तारकासमूहातील धूसर ठिपका आपल्या आकाशगंगेतला की बाहेरचा, यावर शॅपली आणि कर्टिस यांचा १९२० साली वॉशिंग्टनला झालेला वाद अनिर्णित राहिला होता. निर्णय केला एका काचेने. १९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या त्या काचेवर हबलने एका बिंदूपाशी ‘नवतारा’ या अर्थाचे अक्षर लिहिले होते. तो बिंदू रूपविकारी ठरताच त्याने ते अक्षर खोडले आणि नवी नोंद केली, तीही उद्गारचिन्हासह. त्या ताऱ्याच्या सुमारे ३१ दिवसांच्या आवर्तनावरून देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर पडली.

येथे आक्षेपक सरसावून म्हणतील, की हबलचे अंतर होते सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे आणि आज तुम्ही सांगता २५ लाख! बेलाशक. पण ही चूक उघडकीस आली कशी, ते पाहावे. हबलच्या अंतरांवरून काढलेल्या विश्वप्रसरणाच्या वेगाने विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने भरत होते; आईपेक्षा लेक वडील ठरत होती. पुढे पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून, जुन्या मापाने देवयानीत दिसायलाच हवे होते असे एका जातीचे तारे बाडे यांना दिसेनात. रूपविकारी ताऱ्यांच्या दोन जाती असून हिशेबात त्यांची सरमिसळ झाली आहे, हे त्यांनी ओळखले आणि १९५२ साली रोम येथे देवयानीचे अंतर दुपटीने वाढवले. हा फेरफार बाहेरच्या कोणा टीकाकाराने करायला लावला नाही; ज्या रीतीने चूक झाली तिनेच ती पकडली. जी पद्धती आपली चूक स्वतः दाखवते, तिला लहर म्हणणे अन्याय आहे.

वाद आजही मिटलेला नाही. विश्वप्रसरणाच्या वेगाची दोन मापे आठ-नऊ टक्क्यांनी जुळत नाहीत, आणि त्याचे कारण शोधणे चालू आहे. पण एके काळी हा झगडा दुपटी-निमपटीचा होता, हे विसरून चालणार नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये पुण्याच्या संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला सरस्वती नावाचा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला. त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांचा असून त्याच्याकडून आज येणारा प्रकाश ४०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. या आकड्यांतही उद्या दुरुस्ती होईल, आणि ती होईपर्यंत मी ते खरे मानून कार्तिकाच्या रात्री गच्चीवर देवयानीचा तो फिकट डाग डोळ्यांनी शोधीत राहीन.