विश्लेषण : मॅडलिन मॅककॅन प्रकरणात तपास अडला, तर्क मात्र का थांबत नाहीत?

जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या तुरुंगातून १७ सप्टेंबर २०२५ रोजी एक कैदी बाहेर पडला तेव्हा दारात जगभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे उभे होते. पोर्तुगालमधील प्राया द लुझ या गावात २००५ मध्ये एका ७२ वर्षीय महिलेवर केलेल्या बलात्काराची सात वर्षांची शिक्षा त्याने पूर्ण केली होती. कॅमेरे मात्र त्या गुन्ह्यासाठी आले नव्हते. त्याच गावातून २००७ मध्ये बेपत्ता झालेल्या मॅडलिन मॅककॅन या ब्रिटिश मुलीच्या प्रकरणात जर्मन तपास यंत्रणा त्याच्याकडे मुख्य संशयित म्हणून पाहते. तरीही या प्रकरणात त्याच्यावर आरोपपत्र नाही आणि आपला संबंध नसल्याचे तो सांगत आला आहे. अठरा वर्षांत तीन देशांच्या पोलिसांना एकही आरोपी न्यायालयात उभा करता आलेला नाही. लोकांच्या न्यायालयात मात्र या काळात किमान अर्धा डझन जण दोषी ठरून गेले. हे कसे घडले, हे तपासाइतकेच समजून घेण्यासारखे आहे.

त्या रात्री काय घडले?

खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे. ३ मे २००७ रोजी डॉक्टर दाम्पत्य केट आणि जेरी मॅककॅन ‘ओशन क्लब’ या रिसॉर्टमधील ‘५ ए’ या तळमजल्यावरच्या घरात तीन मुलांना झोपवून मित्रांसोबत जेवायला गेले. उपाहारगृह सरळ रेषेत पन्नासेक मीटरवर होते. मंडळी अधूनमधून उठून मुलांकडे फेरी मारत होती. रात्री दहाच्या सुमारास केट गेल्या तेव्हा दोन वर्षांची जुळी भावंडे झोपलेली होती आणि मॅडलिन पलंगावर नव्हती. नऊ दिवसांनी तिला चार वर्षे पूर्ण होणार होती.

सुरुवातीच्या काही तासांत त्या घरात शेजारी, मित्र, कर्मचारी असे कितीतरी लोक ये-जा करून गेले. घटनास्थळ वेळेत बंद झाले नाही आणि तिथे मिळू शकणारे पुरावे त्याच रात्री विरळ झाले. पुढच्या सगळ्या तर्कांना मोकळे रान मिळाले ते इथून.

पोलीस गप्प, बातम्या मात्र रोज

पोर्तुगालमध्ये तपास सुरू असताना त्याविषयी जाहीर बोलण्यास कायद्याने मनाई होती. हेतू चांगला, की संशयिताची बदनामी होऊ नये. पण गावात ब्रिटनमधून आलेले पत्रकार तळ ठोकून होते आणि त्यांना रोज बातमी हवी होती. अधिकृत माहितीचे दार बंद म्हटल्यावर खिडकीतून कुजबुज सुरू झाली. नाव न सांगणाऱ्या ‘सूत्रां’चे म्हणणे पोर्तुगीज वृत्तपत्रे छापत. ते ‘पोर्तुगीज माध्यमांनुसार’ म्हणून ब्रिटनमध्ये छापले जाई, आणि तेच ‘ब्रिटिश माध्यमांतही चर्चा’ म्हणून पोर्तुगालला परत येई. एकच वावडी दोनदा समुद्र ओलांडून आली की तिला दुजोरा मिळाल्यासारखे वाटे. गुप्ततेच्या ज्या नियमाने संशयितांचे रक्षण करायचे, त्यानेच त्यांना सर्वाधिक उघडे पाडले. कारण अफवा खोटी असल्याचे सांगायलाही पोलीस पुढे येऊ शकत नव्हते.

त्यात भाषेनेही घोळ घातला. पोर्तुगीज कायद्यात ‘अर्ग्विदो’ असा एक दर्जा आहे. ज्याच्याकडे पोलीस संशयाने चौकशी करू इच्छितात त्याला तो दिला जातो आणि त्यामुळे त्याला गप्प राहण्याचा, वकील सोबत ठेवण्याचा हक्क मिळतो. तो आरोपी नव्हे. अनेकदा माणूस स्वतःच्या बचावासाठी हा दर्जा मागूनही घेतो. ७ सप्टेंबर २००७ रोजी मॅककॅन दाम्पत्याला तो मिळाला आणि ‘आई-वडीलच गुन्हेगार’ असा त्याचा सरळ अर्थ लावला गेला. आपल्याकडेही फिर्यादीत नाव आले की माणूस बातमीत लगेच ‘आरोपी’ होतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात ‘गुन्हेगार’. तेव्हा पोर्तुगीज शब्दाला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

‘१९ पैकी १५ जुळले’ म्हणजे काय?

या प्रकरणातला सर्वाधिक फिरवला गेलेला आकडा हाच. मुलगी बेपत्ता झाल्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने पालकांनी भाड्याने घेतलेल्या मोटारीतून काही नमुने घेतले गेले. ब्रिटनहून आणलेल्या प्रशिक्षित श्वानांनी तिथे संकेत दिला होता. नमुने बर्मिंगहॅमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले. एका नमुन्यात मॅडलिनच्या डीएनएच्या १९ घटकांपैकी १५ आढळले. वाचणाऱ्याला वाटते, जवळजवळ ८० टक्के जुळले, आणखी काय हवे?

पण त्या नमुन्यात एकूण ३७ घटक होते आणि तो किमान तीन जणांच्या डीएनएचे मिश्रण होता. डीएनएचे घटक आई-वडिलांकडून मुलांत येतात. भावंडांत ते मोठ्या प्रमाणात समान असतात. जी मोटार हे कुटुंब रोज वापरत होते, तिच्यात या घटकांची सरमिसळ सापडण्यात नवल काही नाही. मराठी मुळाक्षरांच्या ढिगातून एखाद्याच्या नावातली बहुतेक अक्षरे सापडावीत, तसे हे. मिश्रण इतके गुंतागुंतीचे आहे की त्यावरून अर्थपूर्ण निष्कर्ष काढता येत नाही, असे प्रयोगशाळेतील तज्ज्ञाने पालकांच्या चौकशीच्या आधीच लेखी कळवले होते. श्वानाच्या संकेतालाही स्वतंत्र पुराव्याची जोड लागते, तो एकटा पुरावा होत नाही. हे दोन्ही मुद्दे आकड्याइतके वेगाने पसरले नाहीत. आकडा एका ओळीत बसतो, त्यामागचा खुलासा परिच्छेद मागतो.

२१ जुलै २००८ रोजी पोर्तुगीज महाधिवक्त्यांनी पुराव्याअभावी तपास बंद केला आणि पालकांचा ‘अर्ग्विदो’ दर्जा काढून घेतला.

शेजाऱ्याची किंमत सहा लाख पौंड

पालकांच्याही आधी संशयाच्या चक्रात सापडला तो रिसॉर्टजवळ राहणारा एक ब्रिटिश रहिवासी. त्याला पोर्तुगीज येत असल्याने तो पहिल्या दिवसापासून पोलिसांना दुभाष्याचे काम करून देत होता. त्याची ही अति-मदत संशयास्पद वाटते, असे एका ब्रिटिश बातमीदाराने पोलिसांना कळवले. पुढे त्याच्या घराची झडती झाली, त्याला ‘अर्ग्विदो’ ठरवले गेले आणि त्याच्या स्वभावापासून खासगी आयुष्यापर्यंत सगळे छापून आले. त्याच्याविरुद्ध काहीही निष्पन्न झाले नाही. जुलै २००८ मध्ये ११ ब्रिटिश वृत्तपत्रांनी माफी मागत त्याला ६ लाख पौंड भरपाई दिली. त्याआधी मार्चमध्ये ‘डेली एक्स्प्रेस’ आणि ‘डेली स्टार’ यांनी मॅककॅन दाम्पत्याची पहिल्या पानावर माफी मागून शोधनिधीला साडेपाच लाख पौंड दिले होते. सोबत जेवायला असलेल्या सात मित्रांना पावणेचार लाख पौंड मिळाले, त्यांनीही ते निधीकडे वळवले.

वृत्तपत्रांना निदान पत्ता असतो, मालक असतो, त्यांच्यावर दावा लावता येतो. मोबाइलवरून पुढे ढकललेल्या मजकुराचा मालक कोण, हे कुणालाच ठाऊक नसते.

चित्रातला माणूस कोण निघाला?

मित्रमंडळींपैकी एका महिलेने रात्री सव्वानऊच्या सुमारास कडेला मूल घेऊन जाणारा माणूस पाहिल्याचे सांगितले. तिच्या वर्णनावरून चेहरा नसलेले रेखाचित्र तयार झाले आणि पुढची सहा वर्षे जगाने अपहरणकर्ता म्हणून तोच माणूस डोळ्यांसमोर ठेवला. त्याच्या कपड्यांवरून, चालण्यावरून, राष्ट्रीयत्वावरून सिद्धान्त रचले गेले. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत, असा माणूस नव्हताच, ती बाई खोटे बोलते.

लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी २०११ मध्ये ‘ऑपरेशन ग्रेंज’ नावाने कागदपत्रांची फेरतपासणी सुरू केली, तेव्हा हा गुंता सुटला. ऑक्टोबर २०१३ मध्ये पोलिसांनी जाहीर केले, की तो बहुधा रिसॉर्टच्या रात्रीच्या पाळणाघरातून स्वतःच्या मुलीला घरी नेणारा एक ब्रिटिश पर्यटक होता. माणूस खरा होता, बाई खरे बोलत होती आणि त्याचा अपहरणाशी काही संबंध नव्हता. तिसरी शक्यता दोन्ही बाजूंच्या ‘शोधकां’ना सुचली नव्हती. एव्हाना मात्र संशयाची घटिका पाऊण तासाने पुढे सरकली होती. दहाच्या सुमारास एका आयरिश कुटुंबाने समुद्राकडे मूल घेऊन जाणारा माणूस पाहिला होता. त्याकडे सहा वर्षे जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेले नाही. चुकीच्या तर्काची खरी हानी ही अशी असते. नाहक बदनामी होते ती दिसते. पण बरोबर दिशेला पाहणारे डोळे दुसरीकडे वळतात, ते दिसत नाही.

गोरी मुलगी, सावळी आई

सप्टेंबर २००७ मध्ये मोरोक्कोतले एक छायाचित्र जगभर गाजले. स्थानिक बाईच्या पाठुंगळीला सोनेरी केसांची मुलगी. काही तासांत ‘मॅडलिन सापडली’ असा गजर झाला. ती त्याच देशातल्या एका शेतकरी कुटुंबाची लेक निघाली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, मॅडलिनची चर्चा पुन्हा तापलेली असताना, आयर्लंडमध्ये पोलिसांनी दोन रोमा कुटुंबांतून दोन मुले काढून नेली. कारण मुले गोरी आणि आई-वडील सावळे. डीएनए चाचणीत दोन्ही मुले त्यांचीच ठरली आणि सरकारला माफी मागावी लागली.

भटके लोक मुले पळवतात, हा युरोपातला जुना समज. महाराष्ट्राला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठेचून मारले. तिथे तर कुणाचे मूल हरवलेलेही नव्हते.

पालकांना प्रश्न विचारूच नयेत का?

जरूर विचारावेत. लहान मुलांना एकटे ठेवून जेवायला जाणे चूक होते, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे. पालकांनी प्रसिद्धी स्वतःहून मागितली, हेही खरे. पोपना भेटण्यापासून प्रवक्ता नेमण्यापर्यंत त्यांनी सर्व केले. मूल हरवलेल्या माणसाने आणखी काय करायचे असते? पण निष्काळजीपणा आणि खून यांच्यामधले अंतर पुराव्याने कापावे लागते. टीव्हीवर आई रडली नाही, एवढ्यावर ते कापता येत नाही. ती रडली असती तर ‘नाटक करते’ म्हणणारेही हेच लोक असते.

कायद्याची बाजू मात्र सरळ नाही. तपासाचे पहिले प्रमुख गोन्सालो अमारल यांनी तपास बंद झाल्यावर तीन दिवसांत पुस्तक काढून पालकांवर संशय घेतला. बंदी, बंदी उठणे, भरपाई, भरपाई रद्द अशा फेऱ्यांनंतर पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमारल यांच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही पालकांची तक्रार फेटाळली. मत मांडण्याचे स्वातंत्र्य म्हणून हा निकाल मान्य करावा लागेल. तरी ज्याच्या हाती तपास होता त्याचे मत आणि चहाच्या टपरीवरचे मत यांना लोक एकाच वजनाने घेत नाहीत, हे कोणत्याही न्यायालयाला बदलता येणार नाही. पोर्तुगीज पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी लंडनला जाऊन पालकांची क्षमा मागितल्याचे वृत्त ‘बीबीसी’ने २०२३ मध्ये दिले.

तर्क करणाऱ्यांचेही काही वाटोळे होतेच. पालकांविरुद्ध सतत लिहिणाऱ्या ६३ वर्षीय ब्रिटिश महिलेला २०१४ मध्ये एका वाहिनीने कॅमेऱ्यासमोर गाठले. काही दिवसांत ती मृतावस्थेत आढळली. आपणच मॅडलिन असल्याचा दावा करणाऱ्या पोलंडच्या तरुणीला लाखो अनुयायी मिळाले. डीएनए चाचणीने दावा खोटा ठरल्यानंतरही ती कुटुंबाच्या मागे लागली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लेस्टरच्या न्यायालयाने तिला कुटुंबाचा छळ केल्याबद्दल दोषी ठरवले. तिला टाळ्या वाजवणारे लाखो लोक तोवर दुसऱ्या विषयाकडे वळले होते.

आता तपास कुठे आहे?

जर्मन सरकारी वकिलांनी जून २०२० मध्ये संशयिताची माहिती उघड केली आणि मॅडलिन जिवंत नसल्याचे ठामपणे सांगितले. जर्मन वृत्तपत्रांनी कायद्याच्या शिस्तीप्रमाणे त्याच्या आडनावाचे केवळ आद्याक्षर छापले, ब्रिटिश वृत्तपत्रांनी पूर्ण नाव आणि छायाचित्रे. आरोपपत्र नसताना सरकारी वकिलाने इतके ठाम बोलावे का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि पाच वर्षांनंतर अधिक टोचतो. मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या लेखी मॅडलिन अजूनही ‘बेपत्ता’ आहे. ‘ऑपरेशन ग्रेंज’वर १ कोटी ३० लाख पौंडांहून अधिक खर्च झाला आहे. मे २०२३ मध्ये पोर्तुगालमधील अराद धरणाचा परिसर आणि जून २०२५ मध्ये प्राया द लुझजवळची पडकी घरे, विहिरी धुंडाळून झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी केलेली मुलाखतीची विनंती संशयिताने नाकारली.

२०२० च्या जाहीर आवाहनात पोलिसांनी लोकांकडे मागितले होते ते मोजकेच. एक जुनी फोक्सवॅगन व्हॅन आणि एक जॅग्वार मोटार त्या काळात कुणी पाहिली का? आणि ३ मे २००७ च्या संध्याकाळी ७ वाजून ३२ मिनिटांनी, संशयित वापरत असल्याचे मानल्या जाणाऱ्या पोर्तुगीज क्रमांकावर, प्राया द लुझच्या परिसरात, दुसऱ्या एका पोर्तुगीज क्रमांकावरून फोन आला होता. बोलणे अर्धा तास चालले. पलीकडे कोण होते?