हिरकणीचा कडा आणि संगणकाचा दरवाजा

१/ महाड-पोलादपूरच्या डोंगराळ पट्ट्यात, कापडे गावासारख्या ठिकाणी वाढणाऱ्या मुलांना हिरकणीची आख्यायिका नव्याने सांगावी लागत नाही. सूर्यास्ताला रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि गडावर अडकलेली ही गवळण घरच्या तान्हुल्यासाठी अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला व त्या कड्यावर बुरूज बांधवला, असे परंपरा सांगते.

२/ या कथेतील मातृप्रेम सर्वांच्या स्मरणात राहते. तिच्यातील दुर्गशास्त्र मात्र दुर्लक्षित राहते. दरवाजा चोख बंद होता, तरीही गडाला वाट होती. २९ जुलै २०२० रोजी संगणकविश्वाला हाच धडा नव्याने मिळाला.

३/ संगणक सुरू होताच कार्यप्रणालीला स्मृतीत आणणारी छोटी आज्ञावली म्हणजे बूटलोडर. लिनक्सच्या जगात हे काम बहुधा ‘ग्रब’ करतो. ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था प्रत्येक टप्प्यावर डिजिटल स्वाक्षरी तपासते. शिक्का खरा असेल तरच पुढचा दरवाजा उघडतो.

४/ ‘एक्लिप्सियम’ या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांना ग्रबमध्येच खिंडार सापडले. त्याचे नाव ‘बूटहोल’. ग्रब आपल्या सूचना एका साध्या मजकूर-फाइलीतून वाचतो आणि त्या फाइलीवर सहसा स्वाक्षरी नसते. त्यातील एखादा शब्द राखीव जागेत मावणारा नसेल, तर वाचन तिथेच थांबायला हवे होते. ग्रब मात्र केवळ चूक झाल्याचे छापून पुढे जात असे. पहारेकरी ओरडला, पण त्याने वाट अडवली नाही. जादा मजकूर शेजारच्या स्मृतीवर सांडे आणि त्यातून हल्लेखोराच्या आज्ञा कार्यप्रणालीच्याही आधी चालू शकत.

५/ ती फाइल बदलण्यासाठी प्रशासकाचे अधिकार आधीच हाती असावे लागतात. म्हणून हा दोष किरकोळ, असे म्हणता येईल. परंतु आत शिरलेल्याच्या हाती संगणकाचे मूळ लागू नये, हेच तर सिक्युअर बूटचे वचन होते. ते वचनच मोडले.

६/ दुरुस्तीही सोपी नव्हती. जुन्या, सदोष ग्रबवरचा शिक्का खराच होता. हल्लेखोर तीच जुनी प्रत आणून वापरू शकत होता. म्हणून जुन्या प्रती रद्द ठरवाव्या लागल्या. त्यातच रेड हॅटच्या पहिल्या दुरुस्तीनंतर काही संगणक सुरूच होईनात.

७/ राखीव जागेबाहेर सांडणाऱ्या मजकुराचा हा दोष नवा नाही. १९८८ च्या ‘मॉरिस वर्म’नेही त्याचा लाभ घेतला होता. सी भाषा जागेचे मोजमाप आज्ञावली लिहिणाऱ्यावर सोपवते, आणि माणूस चुकतो. दरवाजावरच्या आज्ञावल्या तरी हे मोजमाप स्वतः करणाऱ्या भाषांत लिहिल्या जायला हव्यात.

८/ शिक्का कर्त्याची ओळख पटवतो. तटाच्या मजबुतीची हमी देत नाही. हिरकणी उतरली म्हणून दरवाजाला आणखी एक अडसर लावला गेला नाही. बुरूज कड्यावर उभा राहिला. आणि कड्याची वाट दाखवणारीला शिक्षा नव्हे, मान मिळाला. दोष शोधून प्रामाणिकपणे कळवणाऱ्या आजच्या संशोधकांनाही तोच न्याय मिळायला हवा.